भालेराव मॅडम आणि जीपच्या पोटातलं घुंगरू

भालेराव मॅडम पेशंटला हात लावण्याआधी त्याच्या माणसांचे हात बाजूला करत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या तेच करत होत्या. दवाखान्याच्या ओट्यावर एक लहान पोरगं आईच्या मांडीत किंचाळत होतं. त्याच्या नाकात हरभरा गेला होता आणि आई, आजी व चुलती आळीपाळीने केसातली पिन, खराट्याची काडी आणि करंगळी घालून तो काढायला बघत होत्या. दर खेपेला हरभरा आणखी वर सरकत होता. मॅडम आतून आल्या, पोराकडे न बघता त्या तिघींसमोर उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हात काढा आधी. तिघी बी. मांडीवर ठिवा."

तिघींनी हात मांडीवर ठेवले. मग मॅडम पोराजवळ बसल्या आणि त्यांनी काहीच केलं नाही. त्याचं रडणं ओसरून नुसते हुंदके उरेपर्यंत त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. नंतर टोकाला वाकवलेली एक बारीक सळई त्यांनी हरभऱ्याच्या वरून अलगद पलीकडे नेली आणि आपल्याकडे ओढली. फुगलेला हरभरा त्यांच्या तळहातावर पडला. आजीला ते इतकं सोपं निघालेलं आवडलं नसावं. ती म्हणाली, "आमी तं कवाच्यान तेच करायलो की."

"तुमी आत ढकलायलात, मावशी. मी भाईर वढले. एवढाच फरक," मॅडम म्हणाल्या, आणि मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. नोकरीवर रुजू व्हायला आलेली मी पेटी घेऊन पायरीखाली उभी होते. बोलायचं कधी, हे मला समजत नव्हतं. त्यांनी मला नाव विचारलं नाही. "या डॉक्टर, बसा. एसटीनं अंग खिळखिळं झालं असेल," एवढंच म्हणाल्या. पदवी मिळाल्यापासून मला 'डॉक्टर' म्हणून हाक मारणाऱ्या त्या पहिल्याच. घरी मी बेबी होते आणि कॉलेजात रोल नंबर.

आमचा दवाखाना परभणीहून ताडकळसकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, काळ्या रानाच्या मधोमध होता. मला तिथलं काहीच येत नव्हतं, सगळ्यात कमी येत होती ती भाषा. वडिलांच्या बँकेतल्या नोकरीमुळे माझं शिक्षण हैदराबादला कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी होती ती घरातली, जेवणाखाण्यापुरती. बाया सांगत, "बाई, काळजात कालवायलंय," "अंगात कणकण भरलीय," आणि मी मान डोलावून मनातल्या मनात त्याचं इंग्रजी करत बसे. ते जमेपर्यंत बाई पुढचं दुखणं सांगू लागलेली असे. उत्तर द्यायची वेळ आली की मी फारच शुद्ध बोलायची. मॅडम पलीकडच्या टेबलावरून ऐकत आणि पेशंट गेल्यावर म्हणत, "डॉक्टर, तुमचं मराठी लय इस्त्रीचं हाय. जरा चुरगळू द्या त्याला."

नातेवाइकांशी बोलायचं मी टाळत असे. पेशंट तपासून झाला की चिठ्ठी सिस्टरच्या हातात द्यायची आणि आत निघून जायचं, ही माझी पद्धत. मॅडमच्या ती लक्षात आली होती. त्यांनी कधी टोकलं नाही, पण मला घेऊन त्या मुद्दाम बाहेर पायऱ्यांवर जात आणि तिथं बसलेल्या माणसांशी बोलताना मला शेजारी उभं करत.

मॅडम माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. उंच, सावळ्या, हातमागाची साडी नेहमी घोट्याच्या जरा वर नेसलेली, म्हणजे चिखलातून चालता यावं. गाव पेडगाव. छप्पन साली घरातल्या सगळ्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा त्या शाळेत होत्या. पुढे येलदरीच्या धरणावर आईवडील मजुरीला गेले आणि सुट्ट्यांमध्ये मॅडमही त्यांच्याबरोबर राहू लागल्या. तिथल्या वर्कशॉपच्या सावलीत बसून त्या अभ्यास करत, कारण सावली तेवढी एकच होती. "माझी अर्धी पाठांतरं इंजिनाच्या आवाजात झाली," असं त्या सांगत. "शांततेत आजही मला काही आठवत नाही." तिथून औरंगाबादला शिकल्या, डॉक्टर झाल्या आणि जिल्ह्यात परत आल्या. परत का आलात, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "माझी आई बाजेवरून परभणीला न्यावी लागली होती. तशा वाटेवर एक दवाखाना पाहिजे होता." आईचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही.

दवाखान्याला एक करड्या रंगाची जीप होती आणि तिचे ड्रायव्हर होते मारोतराव. पन्नाशीचे, जाड मिशांचे, थोडी कोरडवाहू जमीन असलेले. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचा सोन्या नावाचा बैल गेला. त्याच्या गळ्यातल्या माळेतलं एक पितळी घुंगरू त्यांनी जपून ठेवलं होतं. खंडेनवमीला शेतकरी आपली अवजारं पुजतात, तशी मारोतराव जीप पुजत, आणि त्या दिवशी ते घुंगरू इंजिनावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहत. "आता हाच माजा सोन्या," असं जीपच्या बॉनेटवर थाप मारून म्हणत. मॅडम स्वतः पूजेला उभ्या राहत नसत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला त्या पांढरी साडी नेसून परभणीच्या विहारात जायच्या, तो त्यांचा सण. पण आदल्या दिवशी सकाळी किल्ली त्या आपण होऊन मारोतरावांच्या हातात देत. "गाडी तुमची, पूजा तुमची. मला फक्त चालू पाहिजे," हे त्यांचं दरवर्षीचं वाक्य होतं, असं सिस्टर सांगायच्या.

मी सांगणार आहे ती गोष्ट अशाच एका खंडेनवमीची. दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते आणि ज्वारीची पेरणी चालू होती. मारोतरावांनी सकाळी जीप धुतली, हवेचा फिल्टर काढून रॉकेलने साफ केला आणि वाळायला कट्ट्यावर ठेवला. फिल्टर काढल्यावर कार्बोरेटरचं तोंड उघडं राहतं. इंजिन जी हवा ओढून घेतं ती तिथूनच. धूळ जाऊ नये म्हणून त्यांनी त्यावर स्वच्छ फडकं घातलं आणि त्या फडक्याच्या मऊ बैठकीवरच झेंडूची फुलं, सुपारी आणि सोन्याचं घुंगरू मांडून पूजा केली. नारळ फुटला. आम्ही सगळ्यांनी खोबरं खाल्लं.

दुपारी बैलगाडीतून सुंदरा आली. बरोबर तिचा नवरा नामदेव. दोघंही विशी-बाविशीचे. सुंदरा रात्रीपासून अडली होती. लेकरू पोटात आडवं होतं आणि त्याचा एक हात बाहेर आला होता. गावातल्या कुणीतरी तो ओढूनही पाहिला होता. मॅडमनी तपासलं, मला तपासायला सांगितलं. लेकराच्या काळजाचे ठोके लागत होते. ऑपरेशन करण्यावाचून इलाज नव्हता, आणि ते व्हायचं तर परभणीलाच. उशीर झाला तर गर्भपिशवी फाटणार आणि दोघंही जाणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मॅडमनी कळा शांत करणारं इंजेक्शन दिलं, सलाईन लावायला सांगितलं आणि बाहेर मारोतरावांना हाक मारली.

त्या हाकेत काय होतं ते मारोतरावांना बरोबर कळलं. त्यांनी धावत जाऊन फडकं ओढून काढलं, फिल्टर बसवला, बॉनेट आपटलं आणि गाडी चालू केली. मी खिडकीत होते. इंजिन लागलं, आणि लगेच आतून टकटक असा कडक, धातूचा आवाज आला. मग गाडी दोनदा आचके देऊन अडखळली. मॅडम सुंदराच्या खाटेजवळून ओरडल्या, "बंद करा. मारोतराव, बंद."

त्यांना ओरडताना मी तेव्हाच एकदा ऐकलं.

मारोतरावांनी गाडी बंद केली आणि खाली उतरून ते जमिनीवर काहीतरी शोधू लागले. झेंडूची फुलं सापडली, सुपारी चाकापाशी सापडली. घुंगरू कुठंच नव्हतं. मॅडम बाहेर येईपर्यंत ते बॉनेट उघडून उभे होते. "म्याडम, घुंगरू आत गेलं. फडकं वढताना घरंगळलं आसंल. इंजिनानं गिळलं."

नामदेव पायरीवरून उठून जवळ आला. त्याला एवढंच कळलं होतं की गाडी उभी आहे. "मंग काय झालं? चालू तं व्हायलीय. तशीच चला ना."

मॅडमनी मारोतरावांना विचारलं, तशी गेली तर काय होईल. मारोतरावांनी खरं ते सांगितलं. नशीब असलं तर चुरा होऊन सायलेन्सरातून बाहेर पडेल आणि काहीच होणार नाही. नसलं तर व्हॉल्व्हमध्ये अडकेल किंवा पिस्टन फोडेल, आणि गाडी जिथं बसेल तिथंच बसेल. वाटेत रानच रान. सणामुळे रस्त्यावर माणूस नाही, गाडी नाही.

मॅडमनी शिपायाला सायकलवर मोठ्या रस्त्याकडे पिटाळलं, ट्रक, ट्रॅक्टर, जे दिसेल ते थांबवून आण म्हणून. मग त्या नामदेवाकडे वळल्या. तो उभा होता, त्याला त्यांनी खाली बसवलं आणि स्वतः त्याच्यासमोर धुळीत उकिडव्या बसल्या. मला वाटलं होतं त्या त्याला धीर देतील. त्यांनी तसलं काही केलं नाही.

"नामदेव, नीट आईक. बायको तुजी हाय, तवा तुला ठावं पाहिजे. आत्ता निगालो तर पोचू बी, न्हाईतर मधीच बसू. मधी बसलो तर सुंदरा रानात मरंल, मला काईच करता येणार न्हाई. आदी घुंगरू काढलं तर गाडी पोचंल, पण तेवढा उशीर व्हईल, आन् त्या उशिरात बी ती जाऊ शकते. मी काढून मंगच निगणार हाय."

नामदेव हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमचं माणूस असतं तं थांबला असता का, बाई?"

"थांबले असते."

"बोलायला काय जातंय."

त्या उठल्या, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "डॉक्टर, कान-नाकाचा ट्रे आणा. आरसा आणा. दर थोड्या वेळानं लेकराचे ठोके बघायचे आणि खिडकीतून मला सांगायचे. वाईट असलं तरी सांगायचे."

पुढचा वेळ मी खाट आणि जीप यांच्यामध्ये जा-ये करत घालवला. त्यामुळे मला सगळं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मारोतरावांनी कार्बोरेटर सोडवला. उन्हात धरलेल्या आरशाने मी खालच्या वाटेत उजेड पाडला. वाट मोकळी होती. म्हणजे घुंगरू पुढे, चारपैकी एका सिलिंडरमध्ये गेलं होतं. कुठल्या, ते बाहेरून दिसणार नव्हतं. मारोतराव म्हणाले, हेड उतरवून बघावं लागेल, त्याला संध्याकाळ होईल. मॅडम क्षणभर इंजिनाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप कानांना लावला.

"हँडल मारा. पण जोरानं नको. आतलं काही दुखणार न्हाई असं फिरवा."

मारोतरावांनी पुढून हँडल घातलं आणि जातं फिरवावं तसं सावकाश फिरवायला घेतलं. मॅडम स्टेथोस्कोपचं तोंड लोखंडावर एकेका जागी टेकवत होत्या, थांबत होत्या, पुढे सरकत होत्या. नामदेव पायरीवरून हे बघत होता. तो हसला नाही, पण कपाळावर हात मारून घेतला. तिसऱ्या जागी मॅडमनी डोळे मिटले. "पुन्हा," त्या म्हणाल्या. मारोतरावांनी पुन्हा फिरवलं. "हितं हाय. वर येताना खडकन वाजतंय." मारोतरावांनी तिसरा स्पार्क प्लग काढला तर त्याचं टोक चेपून आत दाबलं गेलं होतं. घुंगराने त्याला ठोकरलं होतं. मारोतरावांनी तो प्लग मॅडमना दाखवला आणि इतका वेळ ते मोठ्याने कण्हत होते, ते तेव्हा थांबलं.

आता प्लगचं भोक तेवढं उघडं होतं. हँडल बेताने फिरवून मारोतरावांनी पिस्टन वर आणला, म्हणजे घुंगरू खोल न राहता भोकाजवळ येईल. मी आरसा धरला. आत काळं, तेलकट काहीतरी होतं आणि त्यात एक पिवळा चट्टा. मॅडमनी तीच सळई घेतली, जी मी पहिल्या दिवशी पाहिली होती. ती आत घातली आणि घुंगराच्या पलीकडे न्यायला बघितली. घुंगरू सरकलं, चट्टा दिसेनासा झाला. त्यांनी सळई बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली. पुन्हा सरकलं.

मी आत जाऊन सुंदराला बघून आले. ठोके होते, पण पूर्वीइतके नीट नव्हते. खिडकीतून मी ते सांगितलं. नामदेवाला ते ऐकू गेलं नसतं तर बरं, असं मला वाटत होतं, पण तो तिथंच होता. मॅडमनी मान हलवली. त्यांच्या हाताची गती मात्र वाढली नाही. हे मी फार जवळून पाहिलं आहे. गळ्यावरून घाम ओघळून ब्लाउज भिजला होता, खालचा ओठ दातांत धरला होता, पण हात जसे त्या हरभऱ्याच्या वेळी होते तसेच होते.

तेवढ्यात मारोतराव म्हणाले, "म्याडम, त्याला वर कडी हाय. माळंत ववायची. ती खाली तोंड करून पडली आसंल. मी जरासक उलटं फिरवू का? पालटलं तं घावंल."

"फिरवा. मी सळई काढते. तुमी मनाल तवा घालते."

मारोतरावांनी हँडल बोटभर उलटं फिरवलं, पुन्हा सुलटं आणलं, आणि "हां" म्हणाले. मॅडमनी सळई घातली. या वेळी त्यांनी ढकलून बघितलंच नाही. नुसती टेकवली, किंचित वळवली आणि थांबल्या. मग सळई बाहेर येऊ लागली, इतकी सावकाश की ती येते आहे हे मला आधी कळलंच नाही. भोकाच्या कडेला घुंगरू अडलं. ते चेपून लांबट झालं होतं. मॅडमनी दुसऱ्या हातात चिमटा मागितला, त्याची कड पकडली आणि ते तिरकं करून बाहेर काढलं.

मारोतराव खालीच बसले. नामदेव धावत आला. "निगालं? मंग चला आता, चला."

मॅडम घुंगरू कानाशी धरून हलवत होत्या. "वाजत न्हाई. आतला खडा कुटंय? इंजिनात ऱ्हायला का?"

मला नामदेवाचा चेहरा अजून दिसतो. तो त्यांच्या अंगावर जाईल असं वाटलं. "खडा? आवं, तिकडं माजी बायको मरायलीय आन् तुमी खडा हुडकायलात?"

त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. उन्हात घुंगरू फिरवून फटीतून आत पाहिलं, मग मारोतरावांपुढे धरलं. चेपलेल्या पत्र्यात लोखंडी खडा घट्ट अडकून बसला होता. "हाय," मारोतराव म्हणाले. "हाय, म्याडम." मॅडमनी घुंगरू त्यांच्या खिशात टाकलं. "आता जोडा. गडबड करू नका, पण जोडा."

शिपाई अजून आला नव्हता. रस्त्यावर त्याला काहीच मिळालं नाही, हे आम्हाला नंतर कळलं.

त्या वाटेचं मी फारसं सांगू शकत नाही. जीपच्या मागच्या बाजूला सतरंजीवर सुंदरा होती, मी सलाईनची बाटली धरून होते आणि मॅडम गुडघ्यांवर बसून सुंदराला दोन्ही हातांनी आवळून धरत होत्या, म्हणजे खड्ड्यांचा हिसका तिला कमी बसावा. इंजिनाचा आवाज एकसारखा होता. मी सबंध वाटेत त्या आवाजाकडेच कान लावून होते. मारोतरावही बहुधा तेच करत होते.

परभणीच्या दवाखान्यात लगेच ऑपरेशन झालं. मुलगी झाली. आधी निळी पडली होती, मग रडली. सुंदरा वाचली. सर्जन हात पुसत बाहेर आले आणि मॅडमना इंग्रजीत म्हणाले की पिशवी कागदासारखी पातळ झाली होती, आणखी थोडा वेळ गेला असता तर काही हाती लागलं नसतं, इतका उशीर कशाने झाला? मला वाटलं, आता घुंगराचं, पूजेचं सगळं निघणार. मारोतराव भिंतीशी उभे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण आवाजाचा रोख कळत होता. मॅडम म्हणाल्या, गाडी सुरक्षित नव्हती, ती दुरुस्त केल्याशिवाय निघायचं नाही असं मी ठरवलं. बाकी एक शब्द नाही.

ते इथंच संपलं असतं. सगळं चांगलं झालं होतं. नामदेव व्हरांड्यात नळाखाली तोंड धूत होता, कुणीतरी त्याला मुलगी झाल्याचं सांगितलं होतं आणि तो हसत होता. मॅडम त्याच्याजवळ गेल्या. मला वाटलं, अभिनंदन करायला. त्यांनी सर्जन जे इंग्रजीत म्हणाले ते सगळं त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. पिशवी फाटायच्या बेतात होती. आणखी उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या. "त्यो उशीर माज्यामुळं झाला, नामदेव. तुला ठावं असावं मनून सांगते."

नामदेवाने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. मग म्हणाला, "तुमी मला आदीच सांगितलं व्हतं, बाई." आणि वर, "बसा की. कवाच्यान हुब्या हाव."

परतताना दिवस मावळला होता. मारोतराव एकदाच बोलले. म्हणाले, पुढच्या वर्षीपासून पूजा बंद. मॅडम म्हणाल्या, "पूजेनं काय केलं तुमचं? फडकं वढताना त्याच्यावर काय हाय ते बगितलं न्हाई, एवढंच झालं. पूजा करा. फिल्टर बसवून करा." मारोतराव गाडी चालवता चालवता डोळे पुसू लागले, तेव्हा मॅडमनी त्यांना रस्त्याकडे बघायला सांगितलं.

मी धाडस करून म्हणाले की त्यांचा निर्णय बरोबर होता. इस्त्रीच्या मराठीतच म्हणाले. मॅडम बाहेर बघत होत्या.

"सुंदरा वाचली म्हणून म्हणताय, डॉक्टर. ती गेली असती तर तुम्हीच म्हणाला असता, तशीच न्यायला हवी होती. आणि कदाचित तेही बरोबर असतं. घुंगरू सायलेन्सरातून पडलंही असतं. कुणाला माहीत?" मग माझ्याकडे वळून, "बरोबर-चूक मला दरवेळी कळतंच असं नाही. मी एवढंच बघते, हे मी नामदेवाच्या तोंडावर सांगू शकते का? करण्याआधी, आणि वाईट झालं तर नंतरही? सांगू शकत असेन तर करते. जे सांगायला जीभ रेटत नाही, ते करायला हात लावत नाही."

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर दोन वर्षं काम केलं. मग त्यांची बदली जिंतूरकडे झाली. निरोपसमारंभ त्यांना आवडला नसता, म्हणून आम्ही केला नाही. त्या सकाळच्या गाडीने गेल्या आणि दवाखाना माझ्याकडे आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक लहान मुलगा धनुर्वात होऊन आला. तो जगणार नाही, हे तपासल्याबरोबर मला कळलं. मी चिठ्ठी लिहून सिस्टरकडे दिली नाही. बाहेर गेले. त्याचा बाप पायरीवर बसला होता. मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली, मग थांबले आणि त्याच्यासमोर खाली बसले. काय झालं आहे, मी काय करणार आहे आणि त्याचा उपयोग बहुतेक होणार नाही, हे सगळं सांगितलं. शब्द अडखळत होते, काही चुकलेही असतील. बापाने मान खाली घालून ऐकलं. माझं बोलून झालं तेव्हा तो पायरीवर थोडा बाजूला सरकला आणि माझ्यासाठी त्याने सावलीत जागा करून दिली.